वालचंदांची सहा सिलिंडरची मोटार

पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे जाताना रांजणगावच्या महागणपतीच्या परिसरात औद्योगिक वसाहत लागते. फियाट आणि टाटा मोटर्स यांचा संयुक्त मोटार कारखाना याच वसाहतीत आहे. दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातील यवत, पाटस, कुरकुंभ ही गावे मागे टाकून इंदापूर तालुक्यात शिरतो आणि तेथून आत वळले की वालचंदनगर येते. शिरूरचा हा कारखाना आणि दौंडपलीकडचे हे साखरेचे गाव यांचा वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. तो आहे, आणि तो शेठ वालचंद हिराचंद यांच्यामुळे आहे. वालचंदनगर त्यांनी स्वतः उभारले. फियाट या देशात रुजली ती त्यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या हातून. मात्र प्रीमियरची सुरुवात छोट्या फियाटने झाली नाही. ती झाली धिप्पाड, सहा सिलिंडरच्या अमेरिकी मोटारींनी.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरचा. घराणे गुजराती भाषक दिगंबर जैन, व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण झाले, पण पदवी पदरात पडली नाही. पेढीवर बसून व्याजाचा हिशेब लिहिण्यात या तरुणाचे मन रमेना. रेल्वेतील नोकरी सोडून आलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामेही त्यांच्या वाट्याला आली. 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांशी दीर्घ झुंज सुरू झाली.

मोटारीचा ध्यास त्यानंतरचा. त्या काळी हिंदुस्थानात मोटारी धावत होत्या, पण येथे तयार होत नव्हत्या. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत कारखाना काढला, तो सुटे भाग जोडण्याचा. खोकी बंदरात उतरत, गाडी येथे उभी राही आणि यंत्रविद्या मात्र परदेशातच राही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मोटार उद्योगाची योजना मांडली. वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील खेर मंत्रिमंडळानेही अनुकूलता दाखवली. 1939 मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी क्रायसलरकडे मोर्चा वळवला. कराराचा मार्ग मोकळा झाला, तोच महायुद्ध पेटले. युद्धाच्या धामधुमीत नव्या मोटार उद्योगाला हातभार लावण्यास दिल्लीच्या सरकारने नकार दिला.

याच प्रवासात, प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानात, त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन परतला, असे म्हटले तरी चालेल. म्हैसूर संस्थानच्या साह्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट स्थापन झाली. 1942 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि युद्धकाळात तेथे मुख्यतः विमानांची व त्यांच्या इंजिनांची दुरुस्ती चालली. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली 1944 मध्ये. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या मोटारी, शिवाय डॉज आणि फार्गो मालट्रक. मोटारींच्या बॉनेटखाली क्रायसलरचे साइड व्हॉल्व्ह जातीचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते.

वालचंदांनी निवडलेले यंत्र कसे होते, हे ते उघडणाऱ्या मिस्त्रीला चांगले कळते. या इंजिनाचे बाराही व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतात. हेड म्हणजे केवळ एक जाड सपाट झाकण. त्याचे बोल्ट सोडवून ते उचलले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकदमच समोर येतात. काजळी खरवडावी, व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासावेत, नवे गॅस्केट टाकून हेड परत बसवावे. साध्या हत्यारांवर होणारे हे काम. ज्या देशात गाडी कंपनीच्या कार्यशाळेपासून शेकडो मैलांवर बंद पडणार, त्या देशाला असे साधे यंत्र मानवणारे होते. टॅपेटची फट लावताना मात्र मिस्त्रीचा कस लागतो. टॅपेटची झाकणे इंजिनाच्या कुशीला, मॅनिफोल्डच्या आड असतात. तापलेल्या नळ्यांखाली हात घालून, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायची ती फट फीलर गेजने साधावी लागते.

खरी मेख पाण्याच्या वाटेत आहे. ब्लॉकच्या पोटात, वॉटर पंपाच्या मागे, लांबीभर एक पातळ पत्र्याची नळी असते. सहाही सिलिंडरांकडे सारखे थंड पाणी पोचवणे हे तिचे काम. ती गंजली की पुढची सिलिंडर थंड राहतात आणि मागची तापतात. बाहेरून काहीच दिसत नाही. रेडिएटर साफ होतो, थर्मोस्टॅट बदलला जातो, गाडी पुन्हा तापते. रेडिएटर आणि पंप काढून ती नळी ओढून काढल्याशिवाय या दुखण्याचा उलगडा होत नाही. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, हेही ठाऊक नसलेला माणूस नट सैल करण्याऐवजी आवळतच बसतो. वीजयंत्रणा सहा व्होल्टची आणि बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले. नव्या गाड्यांवर हात बसलेल्याने सवयीने तारा जोडल्या, तर घोटाळा ठरलेला.

दुरुस्ती येथल्या माणसाला साधत होती, यात शंका नाही. पण ती नळी किंवा व्हॉल्व्ह नवा हवा असेल तर तो समुद्रापलीकडून मागवायचा, ही अवस्था वालचंदांना बोचत होती. गाडी जोडणे ही त्यांच्या लेखी पहिली पायरी होती. हळूहळू एकेक भाग येथेच बनला पाहिजे, हा आग्रह होता. त्या आग्रहाला पुढे धोरणाचे बळ मिळाले. निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे थारा उरला नाही आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी 1954 मध्ये काम गुंडाळले.

वालचंदांची निवड निर्दोष होती, असे नाही. गरीब देशाच्या अरुंद रस्त्यांवर पेट्रोल पिणारी साडेतीन लिटरच्या घरातील इंजिनाची गाडी किती जणांना परवडणार होती? त्यांनी एकाच वेळी फार उद्योग हाती घेतले आणि ज्या सरकारशी भांडत, त्याच सरकारच्या हमीवर विसंबले, हा आक्षेपही खोडून काढता येण्याजोगा नाही. 1950 च्या दशकाच्या आरंभी प्रीमियर फियाटकडे वळली. चार सिलिंडरची, अकराशे सीसीच्या आतली छोटी गाडी या देशाच्या खिशाला जुळली.

तो काळ वालचंदांना नीट पाहता आला नाही. विशाखापट्टणमला बांधलेले ‘जल उषा’ हे जहाज पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 14 मार्च 1948 रोजी पाण्यात उतरले, पण पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताने गाठले. 1950 मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. व्यवसायाची धुरा बंधूंनी सांभाळली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

वालचंदनगरच्या कार्यशाळा साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून अवकाश प्रक्षेपकांच्या भागांपर्यंत पोचल्या. कुर्ल्याची फियाट कालांतराने प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. प्रीमियरशी काडीमोड झालेल्या फियाटने दरम्यान शिरूर तालुका गाठला होता आणि 2007 मध्ये टाटा मोटर्सशी भागीदारी केली होती.