ऑगस्ट ड्वोरॅक

ऑगस्ट ड्वोरॅक (५ मे, १८९४ - १० ऑक्टोबर, १९७५) हे अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ होते. ते सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. इंग्रजी टंकलेखनासाठी त्यांनी आखलेली कळांची पर्यायी मांडणी 'ड्वोरॅक कळफलक' या नावाने ओळखली जाते. कळफलक वापरणाऱ्याच्या हाताला सोयीचा असावा, हाताने कळफलकाशी जुळवून घेऊ नये, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. त्यांच्या हयातीत या मांडणीला व्यापक मान्यता मिळाली नाही. आज मात्र बहुतेक सर्व संगणक प्रणालींत ती पर्याय म्हणून उपलब्ध आहे.

जीवन

ड्वोरॅक यांचा जन्म अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ग्लेन्को या गावी झाला. त्यांचे आडनाव प्रसिद्ध चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक यांच्या आडनावासारखेच लिहिले जाते. परंतु अमेरिकेत या घराण्याच्या नावाचा उच्चार 'ड्वोरॅक' असा रूढ झाला. एखादे कौशल्य माणूस कसा शिकतो, सवय कशी लागते आणि चूक का होते, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. टंकलेखनाकडेही ते यंत्राचा प्रश्न म्हणून न पाहता शिकण्याचा प्रश्न म्हणून पाहत.

पार्श्वभूमी

त्या काळी सर्वत्र वापरात असलेली 'क्वर्टी' मांडणी ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांच्या यंत्रापासून आली. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये हे यंत्र बाजारात आणले. सुरुवातीच्या यंत्रांत अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकत असत. ते टाळण्यासाठी अक्षरे अशी विखुरली गेली, असे पारंपरिक स्पष्टीकरण दिले जाते. अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते या मांडणीवर तारयंत्र चालवणाऱ्यांच्या गरजांचाही प्रभाव होता. कारण कोणतेही असले, तरी ही मांडणी घडली तेव्हा दहाही बोटांनी, कळांकडे न पाहता टंकलेखन करण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. पुढे ती पद्धत आली, मांडणी मात्र जुनीच राहिली.

संशोधन

ड्वोरॅक यांच्या मार्गदर्शनाखाली गर्ट्रूड फोर्ड या विद्यार्थिनीने टंकलेखनातील चुकांवर प्रबंध लिहिला. त्या कामातून ड्वोरॅक यांचे लक्ष कळफलकाकडे वळले. त्यांचे मेहुणे विल्यम डीली हेही शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. कामगारांच्या हालचालींचे चित्रण करून अनावश्यक श्रम शोधणारे फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य तेव्हा प्रसिद्ध होते. त्यांच्या पद्धतीचा प्रभाव या दोघांवर पडला.

इंग्रजीत कोणती अक्षरे किती वेळा येतात, कोणत्या जोड्या वारंवार येतात आणि कोणते बोट किती भार पेलू शकते, यांचा अभ्यास करून दोघांनी नवी मांडणी सिद्ध केली. तिच्या एकस्वासाठी त्यांनी १९३२ मध्ये अर्ज केला आणि १२ मे, १९३६ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व मिळाले. त्याच वर्षी ड्वोरॅक, नेली मेरिक, डीली आणि फोर्ड यांचा 'टाइपरायटिंग बिहेवियर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. टंकलेखन शिकवण्याच्या मानसशास्त्रावरील तो एक सविस्तर ग्रंथ मानला जातो.

मांडणीचे स्वरूप

या मांडणीत बोटे जिथे विसावतात त्या मधल्या ओळीत डाव्या हाताखाली ए, ओ, ई, यू, आय हे पाच स्वर आणि उजव्या हाताखाली डी, एच, टी, एन, एस ही सर्वाधिक वापरली जाणारी व्यंजने येतात. इंग्रजी शब्दांत स्वर आणि व्यंजने बहुधा आलटून पालटून येत असल्याने दोन्ही हातांना पाळीपाळीने काम मिळते. एक हात कळ दाबत असताना दुसरा पुढच्या कळेसाठी तयार होतो. इंग्रजी मजकुराचे सुमारे ७० टक्के टंकन मधल्या ओळीतच होते. क्वर्टी मांडणीत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के असते. क्वचित लागणारी अक्षरे खालच्या ओळीत आहेत. मूळ आराखड्यात अंकांचा क्रमही ७, ५, ३, १, ९, ०, २, ४, ६, ८ असा बदललेला होता. आजच्या प्रचलित आवृत्तीत अंक नेहमीच्या क्रमाने असतात.

प्रसार आणि अपयश

१९३० च्या दशकात ड्वोरॅक मांडणीवर शिकलेले टंकलेखक स्पर्धांत उतरले आणि त्यांनी अनेक पारितोषिके मिळवली. पण हा महामंदीचा काळ होता. कार्यालयांकडे जुनी यंत्रे होती, टंकलेखक जुन्या मांडणीवर तयार झाले होते आणि शिकवणाऱ्या संस्था कार्यालयांची मागणी पाहूनच शिकवत होत्या. नवे यंत्र घेतले तर ते चालवणारा मिळत नसे आणि नवी मांडणी शिकली तर नोकरी मिळत नसे.

दुसऱ्या महायुद्धात ड्वोरॅक नौदलात अधिकारी होते. नौदलाने १९४४ मध्ये केलेल्या प्रयोगात काही टंकलेखकांना नव्या मांडणीचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्या कामाचा वेग बराच वाढल्याचा निष्कर्ष अहवालात काढला होता. तरीही मांडणी बदलण्याचा निर्णय झाला नाही.

१९५६ मध्ये अमेरिकी शासनाच्या सामान्य सेवा प्रशासनासाठी अर्ल स्ट्राँग यांनी पुन्हा तुलना केली. एका गटाला ड्वोरॅक मांडणीचे आणि दुसऱ्या गटाला क्वर्टीवरच अधिक सरावाचे प्रशिक्षण दिले गेले. जुन्या मांडणीवर सराव वाढवूनही तितकाच लाभ होतो, त्यामुळे पुनर्प्रशिक्षणाचा खर्च योग्य ठरत नाही, असा या अहवालाचा निष्कर्ष होता. त्यानंतर शासकीय पातळीवर हा विषय मागे पडला. मूळ एकस्वाची १७ वर्षांची मुदत तत्पूर्वी, १९५३ मध्येच संपली होती.

एका हाताची मांडणी

ड्वोरॅक यांनी एकाच हाताने टंकलेखन करणाऱ्यांसाठी दोन स्वतंत्र मांडण्याही तयार केल्या. एक केवळ डाव्या हातासाठी आणि दुसरी केवळ उजव्या हातासाठी. हात गमावलेल्या किंवा एक हात निकामी झालेल्या व्यक्तींना त्यांचा उपयोग होतो. या दोन्ही मांडण्या आजही संगणकावर निवडता येतात.

मृत्यू आणि नंतरची मान्यता

ड्वोरॅक यांचे १० ऑक्टोबर, १९७५ रोजी निधन झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने त्यांच्या मांडणीला पर्यायी मानक म्हणून मान्यता दिली. १९८४ मध्ये आलेल्या ॲपल टू-सी या संगणकावर क्वर्टी आणि ड्वोरॅक यांत अदलाबदल करणारे बटणच दिलेले होते. यांत्रिक टंकलेखनयंत्रात मांडणी बदलणे म्हणजे यंत्र बदलणे होते. संगणकात कोणत्या कळेतून कोणते अक्षर उमटेल हे आज्ञावली ठरवते. त्यामुळे बदलाचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. उरला तो केवळ नव्याने शिकण्याचा श्रम.

अर्थशास्त्रातील वाद

अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या लेखात क्वर्टीचे उदाहरण देऊन, एकदा रुळलेली पद्धत सरस पर्याय असतानाही टिकून राहू शकते, असे प्रतिपादन केले. १९९० मध्ये स्टॅन लिबोविट्झ आणि स्टीफन मार्गोलिस यांनी त्याला आक्षेप घेतला. नौदलाच्या प्रयोगात ड्वोरॅक यांचा स्वतःचा संबंध असल्याने तो निःपक्ष मानता येत नाही आणि ड्वोरॅक मांडणी निर्विवादपणे सरस असल्याचा पुरावा नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मधल्या ओळीवरील भार वाढतो आणि बोटांची धाव कमी होते याविषयी फारसे दुमत नाही. त्यामुळे वेग नेमका किती वाढतो, हा वादाचा मुद्दा आहे.

संगणक आणि शॉर्टकट

संगणकावर ड्वोरॅक मांडणी वापरणाऱ्यांसमोर एक नवी अडचण उभी राहिली. मजकूर कापणे, प्रत घेणे, चिकटवणे आणि केलेली कृती मागे घेणे यांसाठी कंट्रोल किंवा कमांड कळेसोबत अनुक्रमे एक्स, सी, व्ही आणि झेड या कळा वापरल्या जातात. क्वर्टीमध्ये त्या डाव्या हाताखाली ओळीने येतात. म्हणून उजवा हात माउसवर ठेवूनही हे काम होते. शॉर्टकट सामान्यतः अक्षराशी जोडलेला असतो, कळेच्या जागेशी नसतो. त्यामुळे ड्वोरॅक मांडणी निवडताच सी ही कळ क्वर्टीच्या आयच्या जागी, एक्स ही बीच्या जागी आणि व्ही व झेड उजव्या बाजूला खालच्या ओळीच्या टोकाशी जातात. ए आणि एम ही दोनच अक्षरे आपल्या जागी राहतात. म्हणून सर्व मजकूर निवडण्याचा शॉर्टकट तेवढा बदलत नाही.

यावर दोन प्रकारचे उपाय आहेत. ॲपलच्या मॅक प्रणालीत अशी एक मांडणी दिलेली आहे, जिच्यात लेखन ड्वोरॅकप्रमाणे होते. पण कमांड कळ दाबून धरताच कळफलक तात्पुरता क्वर्टी होतो. दुसरा उपाय म्हणजे शॉर्टकट स्वतः ठरवणे. लिनक्सवरील नोम या कार्यपटलात सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात जाऊन शॉर्टकटला नाव द्यावे, चालवायची आज्ञा लिहावी आणि हव्या त्या कळा एकत्र दाबाव्यात, एवढे पुरते. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकट चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' या चौकटीत एक अक्षर दाबले, की कंट्रोल आणि आल्ट त्याला आपोआप जोडले जातात. असे शॉर्टकट ठरवताना ते संयोजन आधीच दुसऱ्या कामासाठी वापरात नाही ना, हे पाहावे लागते. अन्यथा दोहोंपैकी एक काम बंद पडते.

भारतीय कळफलकांशी साम्य

भारतीय लिपींसाठी प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकातही स्वर व मात्रा डावीकडे आणि व्यंजने बहुतांशी उजवीकडे आहेत. मराठीत व्यंजनामागोमाग मात्रा येत असल्याने तेथेही दोन्ही हात पाळीपाळीने चालतात. हे तत्त्व ड्वोरॅक यांच्या मांडणीशी मिळतेजुळते आहे. महाराष्ट्रात रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकलेखनयंत्रावर शिकलेले अनेक टंकलेखक संगणकावरही तीच जुनी मांडणी निवडतात. ड्वोरॅक यांना इंग्रजी टंकलेखकांबाबत जो अनुभव आला, तोच येथेही दिसून येतो.