कुकरच्या भावकीतला कॉफीपॉट

अहमदपूरच्या आमच्या रूमवर कुकरची वाफ कडेने निघायला लागली की आम्ही नवा कुकर घेत नाही, नवी रिंग आणतो. गॅसवर कॉफी करणारा 'मोका पॉट' याच भावकीतला. तो घराघरांत पोचवणाऱ्या माणसाचं नाव आल्फोन्सो बियालेत्ती.

जन्म 1888 चा, उत्तर इटलीतल्या पिडमाँट भागातला. तरुणपणी पोटापाण्यासाठी ते फ्रान्सला गेले. ॲल्युमिनियमच्या धंद्यात सुमारे दहा वर्षं राबले, धातूचं काम शिकले आणि परत येऊन 1919 मध्ये क्रुसिनालो गावात स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

तेव्हा कडक एस्प्रेसो प्यायची तर कॅफेच गाठावा लागायचा, कारण मशीन अवाढव्य. 1933 मध्ये बियालेत्तींनी आठकोनी मोका पॉट आणला. याच्या श्रेयात लुईजी दे पोंती यांचंही नाव घेतलं जातं. रचना एकदम साधी: खाली पाणी, मधे जाळीत कॉफी, वर रिकामं भांडं. आच लागली की वाफेचा दाब पाण्याला कॉफीतून वर ढकलतो. ना वीज, ना मोटर.

आल्फोन्सो पक्के कारागीर, जाहिरातबाजी त्यांना जमली नाही. आसपासच्या बाजारांत पॉट विकायचे, बस्स. महायुद्धानंतर मुलगा रेनातो यांनी धडाक्यात जाहिरात केली आणि पॉट देशभर गेला. 1970 मध्ये आल्फोन्सो गेले. 2016 मध्ये रेनातो गेले, तेव्हा त्यांची रक्षा एका मोठ्या मोका पॉटमध्येच ठेवली होती!

या पॉटचं मोठेपण मात्र दुरुस्तीत आहे. सांध्यातून वाफ निघते? रबरी रिंग कडक झाली असणार, त्याच मापाची नवी बसवा. कॉफी वर चढत नाही? जाळी चोंदली असेल, उजेडात धरून भोकं बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने आत पांढरा थर धरतो. लिंबाचा रस घातलेलं पाणी कॉफी न टाकता एकदा उकळवा, मग नुसत्या पाण्याने धुवा. तारेची घासणी नको, आणि कोरडा केल्याशिवाय बंद करू नका. सगळ्यात महत्त्वाची सेफ्टी झडप. पाणी कायम तिच्या खालीच भरायचं. ती चोंदली असेल तर पॉट गॅसवर चढवायचाच नाही, कारण दाबाला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

म्हणून पॉट भंगारात टाकण्याआधी वरचं भांडं फिरवून काढा आणि एकदा रिंग बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं.