कमला सोहोनी

इंदूर येथे जन्मलेल्या कमला भागवत यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी वर्षभराच्या परीक्षेची अट घालून प्रवेश दिला. त्यांचे काम पाहून संस्थेचे दार इतर मुलींनाही खुले झाले. पुढे केंब्रिज येथे त्यांनी बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनास आवश्यक असे लोहयुक्त प्रथिन शोधले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. मायदेशी त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. आज चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने धातुयुक्त प्रथिने जिवंत पेशीतच अभ्यासता येतात. त्या प्रयोगशाळांत मुलीही निःशंकपणे काम करतात.