हशाची जागा : नाटककार राम गणेश गडकरी

राम गणेश गडकरी यांचे चरित्र लिहिताना अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य, क्षयाने झालेला अंत आणि शोकपर्यवसायी नाटके यांकडेच अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. त्यांच्या विनोदाची चर्चा झाली ती मुख्यतः छापील पानावरून : कोट्या, अतिशयोक्ती, उपमांच्या माळा. परंतु गडकऱ्यांचा विनोद हा आधी प्रेक्षागृहात ऐकू येणाऱ्या हशाचा विचार आहे, आणि या विचाराचे मूळ त्यांच्या आयुष्यक्रमात सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, नवसारीस झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सुटले आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. अर्थात नाटककार म्हणून नव्हे. मंडळीतील मुलांना शिकविणे आणि प्रयोगाच्या रात्री दारावर उभे राहणे, ही त्यांची कामे. पुढे 'ज्ञानप्रकाशा'त उपसंपादकी केली, 'गोविंदाग्रज' या नावाने कविता व 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले. पण दारावरच्या नोकरीचे महत्त्व चरित्रकारांनी हलाखीची खूण एवढ्यापुरतेच मानले, हे योग्य नव्हे. दारावरच्या माणसाला तेच नाटक अनेक रात्री ऐकावे लागते, आणि रंगमंचापेक्षा प्रेक्षकच त्याच्या अधिक जवळ असतात. कोणत्या वाक्याला माणसे नुसती स्मित करतात आणि कोठे सारे घर एकदम हसते, हे शिकण्यास याहून चांगली शाळा कोणती?

ज्यांना ते गुरुस्थानी मानीत, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची नाटके याच मंडळीने रंगभूमीवर आणली होती. कोल्हटकरांची कोटी बुद्धीला गुदगुल्या करते. ती उलगडण्यास क्षणभर वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचे वाक्य येते. वाचकाला थांबता येते, प्रेक्षकाला नाही. गडकऱ्यांनी गुरूची कोटी घेतली, पण तिची मांडणी बदलली. त्यांची विनोदी पात्रे एकाच कल्पनेवर उपमांमागून उपमा रचीत जातात. वाचताना हा फापटपसारा वाटतो, आणि तो दोष पुष्कळदा खराही आहे. मात्र ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात पहिल्या हशाखाली दुसरी उपमा बुडाली तरी तिसरी ऐकू येते आणि अर्थाचे काही बिघडत नाही. एकेक हशा विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर चढतो. ही रचना जाणून केलेली असो वा कानाच्या सवयीने साधलेली असो, ती प्रयोगाच्या अनुभवातून आलेली दिसते.

'प्रेमसंन्यास' (१९१२) महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालविधवेच्या दुःखाच्या या नाटकात विसराळू गोकुळ आहे, आणि त्याची न्यायालयातील साक्ष आजही स्वतंत्रपणे स्मरणात राहिली आहे. येथे हशाचे मर्म कोटीत नाही. गोकुळचा विसराळूपणा प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असतो. जेथे केवळ स्मरणालाच किंमत आहे, त्या पिंजऱ्यात तो उभा राहतो, तेव्हाच सारे घर टपून बसते. अनपेक्षिताने माणूस दचकून हसतो खरा, परंतु सर्वांनी मिळून वाट पाहिलेली गोष्ट अपेक्षेहूनही अधिक होऊन आली म्हणजे जो हशा पिकतो, तो निराळाच. त्यात शेजारी हसतो म्हणून आपण हसतो, असाही एक भाग असतो. प्रवेश कथानकाला चिकटलेला नाही, हा टीकाकारांचा आक्षेप मान्य केला तरी हे उरतेच.

'एकच प्याला'मध्ये त्यांनी हाच हशा धोक्याच्या जागी नेला. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांना प्रेक्षक मनमुराद हसतात. त्याच प्याल्यात सुधाकर व सिंधू बुडतात. तळीराम मरणपंथास लागला असता वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपते, तो प्रवेश तर आसन्नमरण माणसाच्या खाटेभोवती घडतो. लोक हसतात, आणि आपण कशाला हसलो याचा उलगडा त्यांना पुढच्या अंकात होतो. वैद्य-डॉक्टरांचे हे भांडण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराचीही लवकरच क्षयाने वाताहत झाली, ही गोष्ट अभ्यासकाला टाळता येत नाही. तिच्यावरून फार निष्कर्ष काढू नयेत, हेही तितकेच खरे.

अखेरच्या आजारात ते नागपूरनजीक सावनेर येथे होते. तेथे 'भावबंधन' कसेबसे पुरे झाले. साधाभोळा धुंडिराज आणि कामण्णा ही त्यातील पात्रे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आहेत, असे कोणी म्हणणार नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आणले. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. 'भावबंधन' बळवंत संगीत मंडळीकडे गेले. या दोन नाटकांना घर कसे हसते, हे दारावर उभे राहून शिकलेल्या माणसाला ऐकता आले नाही. आणि ज्यात हशा हाच मुख्य हेतू होता, ते 'वेड्यांचा बाजार' त्यांच्या हातून अपुरेच राहिले.