शब्दांची सोबत शिकविणारा कोशकार

वर्धा जिल्ह्यात अर्थशास्त्राचे अध्यापन करताना एक अनुभव वारंवार येतो. आर्वी, कारंजा, समुद्रपूर या भागांतील खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी शब्द पुष्कळ ठाऊक असतात. वाक्य मात्र जुळत नाही. मराठीत लक्ष 'देतात', म्हणून तो 'गिव्ह अटेन्शन' लिहितो. इंग्रजीत बहुधा ते 'पे' करतात. कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो, हे व्याकरणाचे नियम सांगत नाहीत. ते सांगण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा कोश आपल्याकडे घरोघरी पोचला. त्यांचे चरित्र मात्र फारसे कोणास ठाऊक नाही.

१८९८ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथे जन्मलेले हॉर्नबी १९२४ मध्ये जपानमधील ओइता येथील वाणिज्य विद्यालयात गेले. साहित्य शिकविण्याच्या हेतूने गेलेल्या या तरुणास लवकरच उमगले की, विद्यार्थ्यांची खरी नड भाषेची आहे. टोकिओत हॅरल्ड पामर याच प्रश्नावर संशोधन करीत होते. त्यांनी १९३३ मध्ये इंग्रजी शब्दसंयोगांवरील अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी हॉर्नबी यांनीही परिश्रम घेतले होते. पुढे गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी परभाषिकांसाठी कोश रचला. क्रियापद कोणत्या रचनेत बसते, कोणत्या नामाचे अनेकवचन होत नाही, हे त्यात पद्धतशीर सांगितले गेले. १९४१ च्या अखेरीस युद्ध भडकले आणि हॉर्नबी स्थानबद्ध झाले. १९४२ मध्ये त्यांना मायदेशी परतता आले. त्याच वर्षी शत्रुराष्ट्र ठरलेल्या जपानने त्यांचा कोश छापला! १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने जगापुढे आणला. १९६१ मध्ये त्यांनी मानधनातून न्यास स्थापून विविध देशांतील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. १९७८ मध्ये ते निवर्तले.

हॉर्नबी टोकिओत असतानाच, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने सात वर्षांच्या मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला. या दोन गोष्टींत विरोध नाही. मातृभाषेत विचार पक्का झालेल्या विद्यार्थ्यास परकी भाषा थोड्या वेळात शिकवावयाची, तर पद्धत शास्त्रशुद्धच हवी. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, पण सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करविण्याची सवय सुटली नाही.

उपाय खर्चाचा नाही. वहीत एकटा शब्द लिहूच नये. 'टॅक्स'सोबत 'लेव्ही', 'कॅपिटल'सोबत 'रेज', 'डिमांड'सोबत 'मीट' अशा जोड्या लिहाव्यात, मोठ्याने म्हणाव्यात आणि दुसऱ्या दिवशी एक शब्द झाकून दुसरा आठवावा. हे काम केवळ इंग्रजीच्या शिक्षकाचे नव्हे; प्रत्येक विषयाच्या तासाला पाच मिनिटे पुरतात. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, त्याला ही सोबत वर्गातच मिळाली पाहिजे. मुलाखतीच्या दाराशी अडतो तो तोच, आणि तेथे त्याला ती शिकविण्यास कोणी थांबत नाही.