गणितसारसंग्रहकार आचार्य महावीर

इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिणेत राष्ट्रकूटांचे वैभव कळसास पोहोचले होते. मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, ही त्यांची राजधानी. जिनसेनाचार्यांना गुरुस्थानी मानणारे सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांनी इ. स. ८१४ ते ८७८ असे दीर्घकाळ राज्य केले. त्यांच्याच कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, आचार्य महावीर यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला.

तोवर गणित बहुधा ज्योतिषग्रंथातील एखाद्या अध्यायापुरतेच येत असे. आचार्यांनी ते स्वतंत्र शास्त्र म्हणून मांडले. ग्रंथारंभी भगवान महावीरांना वंदन करून व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, वास्तुविद्या यांपैकी कशाचेही गणितावाचून चालत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. संख्येच्या चोवीस स्थानांना त्यांनी नावे दिली. त्यांतील शेवटचे स्थान ‘महाक्षोभ’, म्हणजे एकावर तेवीस शून्ये.

गुणाकार शिकवताना त्यांनी अशी उदाहरणे योजली की उत्तर कंठातील हारासारखे दिसावे. १२३४५६७९ ला ९ ने गुणले असता नऊ एकांची माळ मिळते. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एक हजार दोनशे चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस! अंक एकापासून सहापर्यंत चढतात व त्याच क्रमाने उतरतात; उजवीकडून वाचली तरी संख्या तीच. यात चमत्कार नाही. ४४१ हा २१ चा, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे. आणि २१ व ५२९१ यांचा गुणाकार १११११११ नव्हे, तर नेमका सहा एकांचा, १११११ पुढे आणखी एक १, असा १११११​१ होतो. त्याचा वर्ग मांडताना सहा ओळी एकेक घर सरकत जातात. कोणत्याही घरात सहापेक्षा अधिक एक जमत नाहीत, म्हणून हातचा येत नाही आणि माळ अखंड राहते.

व्याज, भागीदारी, सोन्याचा कस यांचे हिशेबही आचार्यांनी तितक्याच आस्थेने सोडविले. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही. शास्त्रात थोरांचे वचनही ताळा घेऊनच स्वीकारावे लागते, हाच त्यातील बोध.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. १९१२ मध्ये मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह काढला. राष्ट्रकूटांचे साम्राज्य लयास गेले. आचार्यांनी गुंफलेल्या माळेचा एकही मणी मात्र ढळलेला नाही. कोणीही कागद-पेन्सिल घेऊन आजही तिचा ताळा पाहावा.