‘निराश्रित’ की ‘बहिष्कृत’? विठ्ठल रामजी शिंदे यांचे मिशन आणि आपली समाजसेवा

विठ्ठल रामजी शिंदे म्हटले की स्पर्धा परीक्षेच्या मुलांना एक ओळ आठवते : डिप्रेस्ड क्लासेस मिशन, १९०६. ओळ पाठ होते आणि माणूस तिथेच संपतो. आंबेडकरी चळवळीत त्यांचे नाव निघाले तर बहुधा बाबासाहेबांशी झालेल्या मतभेदापुरते निघते. बहुजन संघटना त्यांची जयंती करतात, पण त्यांनी अस्पृश्य वस्तीत काढलेली वर्षे भाषणात दोन वाक्यांत उरकली जातात.

आम्हाला आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते त्याचे कारण वेगळे आहे. आपली तरुण मंडळी सध्या मनापासून सेवा करत आहेत. जयंतीला हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’, विहारात अभ्यासिका, आरोग्य शिबिरे, एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीतून संगणक वर्ग. काम चांगलेच आहे. पण या कामातून वस्तीतल्या घराची गरिबी पुढच्या पिढीत खरोखर तुटते का, हा प्रश्न बैठकीत कोणी काढला की वातावरण गार पडते. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात एका माणसाने आपले घरदार पणाला लावून हाच प्रयोग करून पाहिला होता. त्याचे काय झाले ते पाहू.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात, मराठा कुटुंबात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील संस्थानच्या नोकरीत, घर वारकरी वळणाचे, पैशाची ओढाताण कायमची. लहानपणीच लग्न लावून दिलेले. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले तेही शिष्यवृत्त्यांच्या आधाराने. त्यांत सयाजीराव गायकवाड यांची मदत मोठी. बहीण जनाबाईचा सासरी छळ झाला, तेव्हा तिला परत आणून त्यांनी पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत घातले. ही जनाबाई पुढे मिशनची कार्यकर्ती झाली. तिच्याविषयी स्वतंत्र लेख व्हायला हवा.

१८९८ मध्ये बी.ए. झाले आणि त्याच काळात प्रार्थना समाजात आले. वकिलीचा अभ्यास सुरू केला होता, तो सोडला. १९०१ मध्ये युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. ग्रंथांइतकीच तिकडची शहरे त्यांनी पाहिली. सुखवस्तू ख्रिस्ती लोक गलिच्छ कामगार वस्त्यांत जाऊन शाळा आणि मदतकार्य कसे चालवतात हे पाहिले. १९०३ च्या अखेरीस मुंबईला परत आले ते ही पद्धत डोक्यात घेऊन. आपल्या संस्थेला त्यांनी ‘मिशन’ हा शब्द लावला, त्यामागे हा अनुभव होता असे आम्हाला वाटते.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला, शेठ मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात पहिली शाळा सुरू झाली. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, हायकोर्टाचे न्यायाधीश. पैशाची बाजू शेठ दामोदरदास सुखडवाला यांच्यासारख्या दात्यांकडे. मराठीत संस्थेचे नाव होते भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी.

या नावापाशी थोडे थांबू. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही तो. त्याला आसरा देणारा कोणी भेटला की प्रश्न सुटला. त्याचा आसरा कोणी काढून घेतला, हे या शब्दात कुठेच येत नाही. अठरा वर्षांनी, १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी संस्था काढली तिचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा लगेच समोर उभा राहतो. दोन्ही संस्थांचे काम वरवर सारखे दिसेल : वसतिगृह, वाचनालय, शिक्षण. पण गरिबीचे कारण काय, याविषयीचे दोघांचे उत्तर या दोन शब्दांतच वेगळे झालेले आहे.

मिशनचे काम मात्र प्रामाणिक होते. शिंदे वस्तीत भेट देऊन संध्याकाळी घरी परतणारे नव्हते. आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण, सगळे कुटुंब या कामात आणि अस्पृश्य वस्तीच्या सान्निध्यात राहिले. त्या काळी मराठा घराने हे करणे म्हणजे नातलगांत स्वतःच बहिष्कृत होणे. परळ, मदनपुरा अशा ठिकाणी शाळा चालल्या. वसतिगृह निघाले, औषधोपचाराची सोय झाली, वस्तीत घरोघर जाऊन आजारी बायकामुलांची विचारपूस करणाऱ्या सेविका होत्या, हाताला काम शिकवणारे वर्ग होते. मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्धही शिंदे बोलले, लिहिले. पुढे पुणे, हुबळी, मंगळूर अशा गावांत शाखा गेल्या. पुण्यात होळकरांच्या देणगीतून अहिल्याश्रम उभा राहिला. हे सगळे वर्गण्या, संस्थानिकांचे दान आणि सरकारी ग्रँट यांवर चाले. संस्थापकाची निम्मी शक्ती पैसे जमवण्यात जाई. आज ज्यांनी एखादा ट्रस्ट चालवला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता त्याच परळचे दुसरे चित्र. गिरण्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्या गिरण्यांत महार कामगार मोठ्या संख्येने होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा हातात घ्यायला सवर्ण विणकर तयार नव्हते. जास्त मजुरी नेमकी याच खात्यात. म्हणजे मिशनच्या शाळेत मुलगा चार पुस्तके शिकला, त्याची प्रकृती सुधारली, त्याने दारू टाळली, भजनाला बसला, तरी गिरणीत तो बापाच्याच कमी मजुरीच्या खात्यात उभा राहणार. शाळेने मुलगा बदलला. खाते होते तसेच राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा हा प्रश्न संपाच्या मागण्यांच्या चर्चेत आणला, तेव्हा मिशनला बावीस वर्षे झाली होती.

आणि शिक्षण सर्वोच्च असले तरी काय होते, हे बडोद्याला १९१७ मध्ये दिसलेच. कोलंबियाहून परतलेल्या भीमराव आंबेडकरांना त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. शिंदे यांना मदत करणारे सयाजीराव त्यांचेही आश्रयदाते. राजाने शिष्यवृत्ती दिली. शहराचे दार राजालाही उघडता आले नाही. ही कथा आपल्या वाचकांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

शिंदे यांना हे दिसत नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. १९१२ मध्ये पुण्यात त्यांनी अस्पृश्यता निवारण परिषद घेतली, अध्यक्ष डॉ. रा. गो. भांडारकर. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव यावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि ठराव आला. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली मोठी परिषद भरवली. लोकमान्य टिळक व्यासपीठावर येऊन अस्पृश्यतेविरुद्ध बोलले. वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी सही केली नाही. भाषण आणि सही यांतले अंतर शिंदे यांनी त्या दिवशी पाहिले. सवर्णांचे मन वळवत राहण्याचा त्यांचा मार्ग तरी बदलला नाही.

मतभेद उघड झाला तो मतदानाच्या प्रश्नावर. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदे कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची सूचना होती. बाबासाहेबांनी ती फेटाळली. ज्यांनी दूर ठेवले त्यांनीच आमचा माणूस निवडायचा, हे त्यांना मान्य नव्हते. मे १९२० च्या अखेरीस नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिथे या सूचनेविरुद्ध ठराव झाला. मिशनने चौदा वर्षे ज्यांची सेवा केली, त्यांच्याच परिषदेने मिशनला आपल्या वतीने बोलू नका असे सांगितले.

शिंदे यांच्या मनाला हे लागले असणार. पण आमच्या मते मिशनच्या यशाचा सर्वांत ठळक पुरावा हाच आहे. वाचायला शिकलेली, सभा घ्यायला शिकलेली, अर्ज लिहायला शिकलेली माणसे एक दिवस विचारणारच की कमिटीवर आम्ही का नाही. जी सेवा हा प्रश्न निर्माण करत नाही तिने काही शिकवलेले नसते. आणि शिंदे यांचे मोठेपण असे की त्यांनी या प्रश्नापुढे दार लावून घेतले नाही. १९२३ मध्ये मिशनचा कारभार अस्पृश्य वर्गातील मंडळींच्या हाती यावा अशी व्यवस्था करून ते स्वतः बाजूला झाले. स्वतः उभारलेली संस्था हयातीत सोडणारे संस्थापक आज आपल्याकडे किती आहेत, हे प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यापुरते मोजावे.

बहिष्कृत हितकारिणी सभेकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. तिच्याही अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. तिनेही सोलापुरात वसतिगृह काढले, मुंबईत वाचनालय चालवले, तरुणांसाठी हॉकीचा क्लबदेखील. बाबासाहेबांनी सेवा टाकून दिलेली नाही. फरक असा की कार्यकारी मंडळ बाबासाहेबांकडे आणि आपल्या लोकांकडे होते, आणि वसतिगृह चालवणारी हीच सभा १९२७ मध्ये महाडच्या परिषदेमागे उभी राहिली. वसतिगृहाची खोली आणि चवदार तळे एकाच कामाचे भाग होते.

१९३२ मध्ये, पुणे करारानंतर निघालेल्या अस्पृश्यता निवारण संघाचे चिटणीस ठक्कर यांना बाबासाहेबांनी बोटीवरून लांबलचक पत्र पाठवले. त्यातला मुद्दा आपल्या प्रत्येक संस्थेने अभ्यासावा असा आहे. अस्पृश्यांत सद्गुण वाढवण्यासाठी व्यायामशाळा, वाचनालये, दारूबंदी यांवर पैसा घालवणे म्हणजे गरिबीचा दोष त्या माणसाच्या अंगी आहे असे धरून चालणे. बाबासाहेबांचे म्हणणे, दोष परिस्थितीत आहे. म्हणून विहिरी, शाळा, चावडी यांच्या हक्कासाठी झगडा. नोकरी आणि व्यापारात संधी मिळवून द्या. अस्पृश्याने दूध किंवा भाजी विकायला बसावे तर घेणारा नाही, मग काटकसर शिकवून काय होणार? पुढे हा संघ हरिजन सेवक संघ झाला. कारभार दात्यांच्याच हाती राहिला आणि बाबासाहेब त्यातून बाहेर पडले.

शिंदे यांनी पुढे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. मिशन सोडल्यावर ते दुसरी सेवासंस्था काढून बसले नाहीत. शेतकरी परिषदांत उतरले, सारावाढ आणि तुकडेबंदीच्या बिलाविरुद्ध उभे राहिले. १९३० च्या कायदेभंगात सत्तावन्नाव्या वर्षी येरवड्याच्या तुरुंगात गेले आणि तिथेच आठवणी लिहायला घेतल्या. शाळा आणि दवाखान्याकडून कायदा आणि जमिनीच्या प्रश्नाकडे त्यांचाही प्रवास झाला. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध शेवटपर्यंत होता. तिथे ते चुकले असे आमचे मत आहे, आणि ते लपवायचे कारण नाही.

बौद्ध म्हणून आपण एक गोष्ट खास वाचावी. १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले. तिथल्या बौद्ध समाजातही पॅगोड्यांना वाहिलेल्या गुलामांचा वर्ग हीन मानला जातो, हे त्यांनी शोधून काढले आणि १९३३ च्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात नोंदवले. बुद्धाविषयी आदर असूनही त्यांनी हे झाकले नाही.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली. शिंदे यांना एकेका मुलामागे दात्याचे दार वाजवावे लागे. या शिष्यवृत्तीसाठी मुलगा अर्ज करतो, आणि ती अडली तर मोर्चा काढतो.